हातवारे आणि खेळ

हाताच्या हालचालींवर चालणारी व्हिडिओ गेमची उपकरणे विकत घ्यावीत काय? आमच्या भिवापुरात, घराबाहेर अद्याप मोकळी जागा असताना, मुलाने हा हट्ट धरला आणि मला विचार करणे भाग पडले.

निन्टेंडोच्या 'वी'ने २००६ साली हातवाऱ्यांना खेळात स्थान दिले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले. कॅमेराच देह वाचू लागला. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख नग खपले आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबले. नवे खेळ येईनासे झाले की असे उपकरण लिहिणारे न उरलेल्या लिपीसारखे होते.

खरी उणीव याहून खोल आहे. यंत्र श्रम ओळखत नाही, अभिनय ओळखते. मनगटाच्या नुसत्या झटक्यानेही पडद्यावरचा चेंडू परततो, हे मुलांना लवकरच उमगते. विटीला मात्र असे फसवता येत नाही.

अंगणाला पारख्या झालेल्या घरांत किंवा व्यायामोपचार घेणाऱ्या रुग्णांना ही साधने उपकारक ठरतीलही. मी मात्र मुलाला नकार दिला. तो नकार प्रामाणिक ठरायचा, तर रोज सायंकाळी दांडू घेऊन मलाही त्याच्यासोबत बाहेर पडावे लागेल.