मिरास नव्हे, मुदतीचा पट्टा

साठसत्तर सभासदांच्या, दर मंगळवारी सायंकाळी देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या आणि ज्याचे सारे दप्तर कार्यवाहांच्या घरच्या एका पत्र्याच्या पेटीत मावते अशा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला संकेतस्थळ हवे कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीत उपस्थित झाला, तेव्हा त्याचे समर्पक उत्तर मजपाशी नव्हते, हे प्रारंभीच कबूल करतो. व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे की, असे कोषाध्यक्ष म्हणाले आणि ते खरेही होते. परंतु त्या गटात सुप्रभाताच्या फुलांखाली आणि काढ्यांच्या कृतींखाली सहलीची सूचना अशी गाडली जाते की, बस कोठून सुटणार हे विचारण्यासाठी निम्मे सभासद कार्यवाहांनाच फोन करतात. वस्तीत नव्याने राहावयास आलेल्या गृहस्थाला तर तो गट दिसतही नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातले पहिले संकेतस्थळ लोकांपुढे मांडले, ते निव्वळ अक्षरांचे आणि दुव्यांचे होते. आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. सभेचे स्थळ, वेळ, वर्गणी, पुढील तीन महिन्यांचे कार्यक्रम आणि चौकशीसाठी एक क्रमांक, एवढ्यासाठी आजही त्याहून फारसे अधिक लागत नाही. आमच्याकडे आलेल्या व्यावसायिकाने मात्र हलती चित्रे, छायाचित्रांचे फिरते दालन, सभासदांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार अशी भलीथोरली जंत्री पुढे ठेवली; जणू आम्हांस संघ नव्हे, संस्थान चालवावयाचे होते! सभासदांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा जाहीर करण्याची त्याची सूचना तर भामट्यांना आवतण देण्यासारखीच होती.

जुनी इतिवृत्ते श्री-लिपी या युनिकोडेतर टंकात टंकलेली असल्याने पानावर चढविताच त्यांची अगम्य चिन्हे झाली. कागदांची छायाचित्रे चिकटवून मोकळे व्हावे, असे एकाने सुचविले. पण ज्यांना मोबाइल पान वाचून दाखवितो अशा मंददृष्टी सभासदांना त्याचा उपयोग काय? अखेर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तीन आठवडे खपून सारा मजकूर युनिकोडमध्ये उतरविला.

परंतु माझे खरे म्हणणे निराळेच आहे. हा आमचा दुसरा प्रयत्न होता. पहिले संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या भाच्याने हौसेने करून दिले होते. नाव त्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदविले, पुढे नोकरीनिमित्त तो परदेशी गेला, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिल्या, आणि एके दिवशी संघाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागल्या. त्या मुलाला दोष देणे अन्यायाचे होईल. गाफील आम्ही होतो. संकेतस्थळाचे नाव ही मिरास नव्हे, मुदतीचा पट्टा आहे, आणि त्याचा आकार वेळच्या वेळी भरला नाही तर ताबा जातो, ही गोष्ट जमाखर्चाच्या वह्यांत हयात घालविलेल्या आम्हां मंडळींना उमगू नये, याचीच लाज वाटते. फुकटच्या जागेत पान थाटावे म्हटले, तर तिथे मर्जी मालकाची. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही असलीच फुकटची जागा बंद केली, तेव्हा हौशी माणसांची असंख्य पाने अशीच उठली.

म्हणून लहानसहान मंडळांच्या कार्यवाहांना माझी विनंती एवढीच की, पान कसे दिसावे याचा खल करण्यापूर्वी ते कोणाच्या नावे आहे, हे ठरवा. नोंदणी संस्थेच्या ईमेलवर असावी, परवलीचा शब्द दोघांपाशी असावा, आणि बँकेतील सह्या जशा नव्या कार्यकारिणीकडे जातात, तसा तोही रीतसर सुपूर्द व्हावा. आमचे नवे संकेतस्थळ अवघ्या चार पानांचे आहे. देवळातल्या फळ्यावर वीजबिलाच्या तारखेखाली त्याच्या नूतनीकरणाची तारीख आता खडूने लिहिलेली असते.