गोल गंजिफाला कोपरे कुठले?

आरे-वारेचा समुद्र पाहून तळकोकणात उतरणारा पर्यटक सावंतवाडीहून गंजिफांचा डबा हौसेने नेतो. २०२४ मध्ये या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते पत्ता कुठला हे सांगते, कोणत्या अवस्थेत आहे हे नव्हे.

अमेरिकेतील 'पीएसए' १९९१ पासून खेळाडूंच्या पत्त्यांना १ ते १० गुण देऊन प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा व पृष्ठभाग कसे, हे तिचे निकष. हाती रंगविलेल्या गोल पत्त्याला कोपरे कुठले? येथे पाहायला हवे ते वेगळेच : दशावतारी संचाचे १२० पत्ते पूर्ण आहेत काय, लाखेला तडे गेलेत काय, रंग मागाहून भरला काय. चिताऱ्याचे नाव व साल तर विक्रीवेळीच नोंदता येईल; त्याला खर्च तो किती!

कवचाचेही तसेच. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत बंद प्लॅस्टिक ओल कोंडते आणि बुरशी धरते. आम्लरहित कागद बरा.

शंभर वर्षांहून जुना संच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. म्हणजे तपासणीची सोय इथेच हवी. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात सावरलेल्या या कलेच्या चिताऱ्यांपाशी ती नजर आहे. अधिकृत शिक्का तेवढा नाही.