लॅपटॉप बंद पडला की आधी पोराला ओरडू नका, नोंद बघा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. थोडी कडूही आहे, पण सगळ्यात आधी ती मलाच लागू आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आपल्या पालकांच्या ग्रुपवर एकच रड दिसते. "विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप सारखा बंद पडतोय, काय करू?" खालची उत्तरं ठरलेली असतात. एक, फॉरमॅट मारा. दोन, जुना झाला असेल, नवीन घ्या. आणि तीन, हसऱ्या इमोजीसकट, "मुलगा गेम खेळत असेल, त्याला विचारा!"

मला ह्या तिसऱ्या उत्तराशी भांडायचंय. पहिल्या दोघांशीही भांडणार आहे, पण ते नंतर.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. वीस वर्षं लोकांना "व्हाउचर कुठंय?" विचारून पोट भरते. पुराव्याशिवाय एक ओळ सही करत नाही. आणि ह्याच बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलाला, एकही कागद न बघता दोषी ठरवलं. कसं, ते सांगते.

११ ऑक्टोबरला, शनिवारी, आम्ही घरचा लॅपटॉप विंडोज ११ वर नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळत होता आणि स्क्रीन एकदम बदलून लॅपटॉप रीस्टार्ट झाला. मंगळवारी पुन्हा तेच, पुन्हा हाच खेळत होता. मी लगेच निकाल दिला. "काहीतरी डाउनलोड केलंस तू. खरं सांग." तो म्हणाला, "आई, आय स्वेअर, मी काही केलं नाही." फोन पुढे करून काहीतरी दाखवत होता. मी म्हटलं, "आधी तो फोन खाली ठेव."

गेम काढून टाकला. आठवडाभर स्क्रीन बंद. त्याच्या बाबांनीही री ओढली. दिराने भारतातून मेसेज केला, "वहिनी, फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम." लॅपटॉप मात्र अधूनमधून पडतच राहिला. मी मनाशी म्हटलं, लपून खेळत असणार.

मग आली भाऊबीज, २३ ऑक्टोबर, गुरुवार. मी सुट्टी घेतली होती. भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळत होते. हातात निरांजन, आणि समोर स्क्रीन गेली. लॅपटॉप रीस्टार्ट. घरात मी एकटी. मुलगा शाळेत. गेम आठवड्यापूर्वीच उडवलेला.

निरांजन हातात घेऊन मी तशीच उभी होते. आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं काम केलं, म्हणजे नोंदवही उघडली. विंडोजमध्ये ती तयारच असते. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" दिसेल. तारखेनुसार तक्ता येतो. ज्या दिवशी काही बिघडलं तिथे लाल फुली. त्याच दिवशी कोणता प्रोग्राम किंवा ड्रायव्हर बसला तेही खाली लिहिलेलं असतं. अकाउंटंटला अजून काय पाहिजे?

नऊ फुल्या होत्या. प्रत्येकीसमोर मी वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहिलं. चार वेळा त्याचा गेम. दोन वेळा त्याचा ऑनलाइन तबल्याचा क्लास. एकदा नवऱ्याचं मोठं डाउनलोड. एकदा रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, मीच फोटो क्लाउडवर चढवायला लावले होते तेव्हा. आणि नववी भाऊबीज. नऊपैकी पाच नोंदींचा गेमशी काडीचा संबंध नव्हता. नऊच्या नऊ वेळा एक गोष्ट मात्र सामाईक होती, इंटरनेटवरून भरपूर माल ये-जा करत होता.

संध्याकाळी तो शाळेतून आला. त्याला विचारलं, "त्या दिवशी फोनवर काय दाखवत होतास?" पहिल्याच दिवशी त्याने त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर एरर कोड होता, "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल", आणि खाली "व्हॉट फेल्ड" ह्या शब्दांपुढे एका फाइलचं नाव. ते नाव शोधल्यावर कळलं की ती एका अँटिव्हायरसची फाइल. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला, ट्रायल संपल्यावर आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेला. म्हणजे आम्हाला वाटलं की काढला. नेटवर्कवर नजर ठेवणारा त्याचा ड्रायव्हर मागे राहिला होता आणि अपग्रेडमध्ये जुन्या सामानाबरोबर नव्या घरात आला होता.

त्या कंपनीचं साफ काढून टाकायचं वेगळं टूल होतं, ते चालवलं. दुसरं काहीही केलं नाही. विंडोजचं स्वतःचं संरक्षण आपोआप सुरू झालं. त्यानंतर लॅपटॉप एकदाही पडलेला नाही.

आता तो तिसऱ्या उत्तराचा मुद्दा. साधा प्रोग्राम बिघडला तर तो स्वतः बंद पडतो, सगळी मशीन सहसा पाडत नाही. सगळी मशीन पडते तेव्हा कारण बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर असतं, ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये. १९ जुलै २०२४ आठवतोय? विमानतळांवर निळ्या स्क्रीन, हॉस्पिटलांचं काम ठप्प. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रामला एक सदोष अपडेट गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. तो प्रोग्राम विंडोजच्या अगदी तळाशी, ड्रायव्हरच्या पातळीवर चालतो, म्हणून एका फाइलने एवढा घोळ झाला. तिथे कोणाचा मुलगा गेम खेळत नव्हता.

कोणी म्हणेल, गेममुळेही पडू शकतो की. हो, पडू शकतो. गेम ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर ताण टाकतो, मशीन तापवतो, आणि काही गेमबरोबर फसवणूक रोखणारा खोलवर बसणारा ड्रायव्हरही येतो. पण तेही नोंदीतच दिसेल. मुलं खोटं बोलत नाहीत असं माझं म्हणणं नाही. आमचा लेकही होमवर्कच्या बाबतीत बोलतो. माझं म्हणणं एवढंच की आरोपाआधी तक्ता उघडायला दहा मिनिटं लागतात.

ह्या प्रकरणात आमचं नुकसान काय झालं सांगू? अपग्रेडनंतर साधारण १० दिवस "सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी" मध्ये "गो बॅक" चं बटण असतं. जुनं विंडोज जसंच्या तसं परत मिळतं. ते दहा दिवस आम्ही मुलाला ओरडण्यात घालवले. पण ते छोटं नुकसान. मोठं हे की नऊपैकी दोन वेळा लॅपटॉप त्याच्यासमोर पडला आणि त्याने आम्हाला सांगितलंच नाही. तबल्याच्या क्लासला. सरांना फोनवरून जोडून घेतलं आणि गप्प बसला. का, असं विचारलं तर म्हणाला, "यू वुड से इट्स मी."

मंडळी, हे वाक्य जरा ऐका. भारतात आपण लहान असताना आई चिडली तर आजीच्या मागे लपायचो, काकाकडे तक्रार करायचो. इथे आपल्या मुलांना तेवढी सोय नाही. घरात आपण दोघंच, आणि दोघंही त्याच बाजूला. आज लॅपटॉपचं लपवलं. उद्या फोनवर कोणी अनोळखी माणूस त्रास देईल, शाळेत कोणी काही बोलेल, तेव्हा हाच हिशेब तो करणार. सांगून काय उपयोग, ठरवतात तर मलाच.

आता पहिल्या उत्तराकडे. "फॉरमॅट मारा." आमच्या धंद्यात ट्रायल बॅलन्स जुळला नाही की काही लोक फरक सस्पेन्स खात्यात टाकतात आणि घरी जातात. फॉरमॅट तेच. पुरावा पुसला जातो, कारण सापडत नाही, आणि रॅम खराब असेल तर आठवड्याने पुन्हा तेच. त्याहून वाईट, अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट केलेली असते. बायोसला हात लावला किंवा दुरुस्तीला बसलात की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं कोणाच्या ईमेलवर उघडलं हे घरात कोणालाच आठवत नाही. मग बारशापासूनचे फोटो त्या कुलपात.

आणि दुसरं उत्तर, "नवीन घ्या". घ्या हो, पैसे तुमचे. पण कारण कळलं नाही तर तोच जुना प्रिंटर, तेच जुने प्रोग्राम नव्या मशीनवर बसवाल. गुन्हेगाराला नव्या घराची किल्ली.

मग करायचं काय? मी ज्या क्रमाने आज करीन तो देते.

१. आधी बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. दोन-चार फाइल उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून खूश होऊ नका. रिकव्हरी की शोधून कागदावर लिहा आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

२. १० दिवस झाले नसतील आणि मशीन फारच त्रास देत असेल तर "गो बॅक". लाज कसली? शांतपणे कारण शोधून पुन्हा अपग्रेड करता येतो. विंडोज १० वर राहणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली आहे, त्यासाठी नाव मात्र नोंदवावं लागतं.

३. वही घाला. तारीख, वेळ, काय चालू होतं, काय जोडलेलं होतं, स्क्रीनचा फोटो. स्क्रीन निळी असेल किंवा नव्या आवृत्तीत काळी, कोड आणि फाइलचं नाव महत्त्वाचं. ही वही मुलालाच लिहायला द्या.

४. "रिलायबिलिटी" चा तक्ता वहीशी ताडून बघा. बँक रिकन्सिलिएशन करतो तसं.

५. बाहेरचं सगळं काढा. डॉक, जुना वेबकॅम, प्रिंटर. मग बघा पडतो का. सेफ मोडमध्ये तासन्‌तास नीट चालत असेल तर संशय ड्रायव्हरवर किंवा सुरुवातीलाच उघडणाऱ्या प्रोग्रामवर. तिथेही पडत असेल तर हार्डवेअरकडे वळा.

६. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. "तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत" म्हणून घाबरवणारे प्रोग्राम टाकू नका. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" असतं.

७. स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधून रॅम तपासा. पंख्यातली धूळ बघा. डिस्क काठोकाठ भरली असेल तर रिकामी करा.

८. एका वेळी एकच बदल. हे सगळ्यात कठीण आहे, कारण आपल्याला सगळे उपाय एकदम करायची घाई असते. पाच गोष्टी एकत्र बदलल्या तर बरं कशाने झालं ते कधीच कळत नाही. एक बदल, काही दिवस वाट, वहीत नोंद.

९. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि कारण माहीत असेल तेव्हाच.

आणि एक, स्क्रीनवर फोन नंबर आला तर तो चोर आहे. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. हे भारतातल्या आईबाबांनाही आजच फोन करून सांगा.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचाराल. मी मोजला. नोंदी काढणं, शोधणं, टूल चालवणं मिळून तीन तास. ओरडण्यात, रुसव्यात, जेवणाच्या टेबलावरच्या शांततेत गेलेले बारा दिवस वेगळे. ते कुठल्या खात्यात टाकू?

त्या गुरुवारी रात्री मी लेकाच्या खोलीत गेले आणि माफी मागितली. "सॉरी हं" अशी उडवून नाही. बसून सांगितलं की तू पुरावा आणला होतास आणि मी तो बघितला नाही, चूक माझी. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, यू आर लिटरली अ‍ॅन ऑडिटर."

गेम परत टाकून दिला. घरच्या लॅपटॉपची वही आता त्याच्याकडे असते. मागच्या आठवड्यात प्रिंटर अडला तेव्हा त्याने स्वतःहून येऊन सांगितलं, वेळेसकट.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी "मुलगा गेम खेळत असेल" लिहिलं की कृपया इमोजी टाकू नका. "नोंद बघितलीत का?" एवढंच लिहा. पटत नसेल तर खाली भांडा, मी आहेच. फक्त येताना वही घेऊन या.