गवतावरची रांगोळी



टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू होते. कॅमेरा उंचावरून सगळं मैदान दाखवतो आणि काय दिसतं? एक पट्टा गडद हिरवा, शेजारचा पोपटी. पुन्हा गडद, पुन्हा पोपटी! कधी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, तर कधी दिवाळीच्या ताटातल्या शंकरपाळ्यांसारखी तिरकी नक्षी. आता मला सांगा, हे गवत कोणी रंगवतं का? की दोन जातींचं गवत आलटून-पालटून लावतात?

हाच प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारला. निम्मे हात रंगाच्या बाजूने वर गेले, निम्मे दोन जातींच्या बाजूने. एक जण म्हणाला, "बाई, एका पट्ट्याला जास्त पाणी घालत असतील." विचार चांगला केला हं पठ्ठ्याने! पण तिन्ही उत्तरं चूक. त्या मैदानावरचं गवत एकाच जातीचं असू शकतं, एकाच रंगाचं आणि एकाच उंचीचं. मग नक्षी येते कुठून? ती असते गवताच्या मानेत!

आधी मखमल, मग मैदान

घरात मखमलीचा तुकडा शोधा. आजीच्या दागिन्यांच्या डबीत आतून लावलेली असते ना, ती मखमल. नाही मिळाली तर जाड टर्किश टॉवेल घ्या. तो टेबलावर पसरा. एका पट्ट्यावरून हात तुमच्यापासून लांब फिरवा. शेजारच्या पट्ट्यावरून हात तुमच्याकडे ओढा. झाले की नाही दोन रंग? रंगाचा एक थेंबही न लावता!

कापडावरची बारीक लव एकीकडे झुकली म्हणजे तिच्यावरून प्रकाश जास्त परत येतो, दुसरीकडे झुकली म्हणजे कमी. गवताचंही तसंच आहे. गवताचं पातं आपल्यापासून लांब झुकलेलं असेल तर आपल्याला त्याची लांब, सपाट बाजू दिसते. तिच्यावरून उजेड परावर्तित होतो, म्हणून तो पट्टा फिका दिसतो. पातं आपल्याकडे झुकलेलं असेल तर आपल्याला दिसतात फक्त शेंडे आणि त्यांच्या खालची सावली. म्हणून तो पट्टा गडद दिसतो. बस्स, एवढीच जादू!

आमच्या वर्गात या मखमलीवरून चक्क भांडण झालं. टेबलाच्या अलीकडे उभी असलेली मुलगी म्हणाली, "डावीकडचा पट्टा गडद आहे." पलीकडचा मुलगा म्हणाला, "छे! तोच तर फिका आहे." ती म्हणाली, "बाई, हा मुद्दाम उलटं बोलतोय." आवाज चढले, बाकावरची मुलं दोन गटांत वाटली गेली. मी काहीच बोलले नाही. दोघांना फक्त जागा बदलायला सांगितलं. ती पलीकडे गेली, तो अलीकडे आला. दोघांनी पाहिलं आणि एकदम हसायला लागले. मखमल तीच, पट्टे तेच. फक्त उभं राहायची जागा बदलली आणि गडदाचं फिकं झालं!

मैदानावरही असंच होतं बरं का. जो पट्टा तुम्हाला फिका दिसतो, तो समोरच्या गॅलरीत बसलेल्या मुलाला गडद दिसतो. आणि दोघंही खरंच बोलत असतात.

कापडाच्या गिरणीतून बागेत

मखमलीचा प्रयोग मी उगीच नाही सांगितला. गवत कापायच्या यंत्राचं मूळच कापडात आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये मोठमोठ्या बागांतली हिरवळ लांब दांड्याच्या विळ्यांनी कापत. काम कष्टाचं आणि हात सफाईदार लागे. तिथल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर राहत असे. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी कातरायला तिथे एक यंत्र असे. गोल फिरणाऱ्या दांड्यावर पाती बसवलेली आणि त्यांच्याखालून कापड सरकत जाई. बडिंगच्या मनात आलं, कापडाची लव कातरता येते, तर जमिनीवरची लव का नाही?

१८३० साली त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र लोखंडी आणि जड होतं. ढकलणाऱ्याला घाम फुटत असणार! पण बडिंगने पेटंटच्या कागदातच लिहून ठेवलं होतं, की गावाकडच्या बड्या मंडळींनी ते स्वतः चालवलं तर गमतीचा, उपयोगाचा आणि आरोग्याला चांगला असा व्यायाम होईल. त्या यंत्राला रूळ होता. पुढे पाती गवत कापत जातात आणि मागून रूळ त्याला चालण्याच्या दिशेने झोपवत जातो. यंत्र लांब गेलं की फिका पट्टा, वळून परत आलं की गडद पट्टा. पाट्यापाट्यांची हिरवळ अशी जन्माला आली.

नक्षी काढतात कशी?

माळीकाका आधी हिरवळीच्या कडेने एक-दोन फेऱ्या मारून घेतात. रांगोळीला आपण आधी चौकट काढतो ना, तशीच ही चौकट. यंत्र वळवायला ती जागा लागते. मग पहिली सरळ रेघ. ती सरळ यावी म्हणून पायाकडे बघायचं नाही. समोरचं एखादं झाड किंवा खांब धरायचा आणि त्याच्यावर नजर ठेवून चालायचं. सायकल शिकताना बाबा सांगतात ना, "चाकाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ!" अगदी तसं.

पहिली रेघ चुकली तर पुढच्या सगळ्या चुकतात, कारण प्रत्येक रेघ मागच्या रेघेला धरून असते. पट्टे पूर्ण झाल्यावर त्यांना काटकोनात आडव्या फेऱ्या मारल्या की बुद्धिबळाचा पट तयार. दोन्ही वेळा तिरकं चालवलं की शंकरपाळी.

पण माळ्याचा एक नियम लक्षात ठेवा. एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. म्हणजे गवत ९ सेंटिमीटर असेल तर ३ सेंटिमीटरच कापायचं. पातं हे गवताचं स्वयंपाकघर. तेच उडवलं तर गवत जेवणार काय? दुसरा नियम, दर वेळी त्याच रेघांवरून जायचं नाही. नाहीतर गवत कायमचं एकीकडे कलतं आणि चाकांच्या वाटेवरची माती दबून घट्ट होते. गवत छान राहायला हवं असेल तर नक्षी बदलत राहिली पाहिजे.

गुडघा दुखावलेला खेळाडू

आता एका माणसाची गोष्ट. अमेरिकेतल्या डेव्हिड मेलर नावाच्या मुलाला बेसबॉल खेळायचं होतं. बेसबॉल म्हणजे तिथला क्रिकेटसारखाच लाडका खेळ. शाळा संपली, कॉलेजात खेळायची स्वप्नं पडू लागली आणि १९८१ साली एका मोटारीने त्याला जोराची धडक दिली. गुडघा असा दुखावला, की खेळाडू होणं संपलं. पण मैदान काही त्याने सोडलं नाही. गवताचं आणि मातीचं शास्त्र शिकून तो मैदानं सांभाळू लागला.

१९९३ साली मिलवॉकी शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला आणि गवताची दैना उडाली. सामने तर तोंडावर आलेले! तेव्हा मेलर यांनी गवतावर अशी नक्षी उमटवली, की बघणाऱ्याची नजर नक्षीकडे जावी, खराब जागेकडे जाऊ नये. पुढे २००१ पासून बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानाचं गवत त्यांच्या हाती आलं आणि तिथली त्यांची नक्षी गाजली. त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिलं. ज्या मैदानावर खेळायला मिळालं नाही, त्याच मैदानावर लोक त्यांची कला बघू लागले.

पण एक विसरू नका. नक्षीने गवताची जखम झाकते, बरी होत नाही. बरी करायला वेळ द्यावा लागतो, पाणी आणि खत घालावं लागतं. वहीला छान कव्हर घातलं म्हणून आतली गणितं थोडीच बरोबर येतात?

नक्षी कधी कधी अडचणही करते. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या मैदानावर फार सुंदर आकृत्या काढत. पण २०१७ च्या हंगामापासून तिथल्या प्रीमियर लीगने नियम केला, की गवतावर नेहमीचे आडवे सरळ पट्टेच हवेत. कारण ऑफसाइड! खेळाडू रेषेच्या पुढे आहे की मागे, हे पाहताना लाइन्समनला सरळ पट्ट्यांचा आधार होतो. नक्षी नुसती शोभेची नसते, मोजपट्टीही असते ती.

आपल्या घरी काय करता येईल?

तुम्ही म्हणाल, "बाई, आमच्याकडे ना मैदान, ना यंत्र!" नसू दे. आपली हरळी, म्हणजेच गणपतीच्या दूर्वा, हिरवळीला उत्तम. मात्र थंड देशांतल्या राय गवताच्या मानाने ती जरा ताठ असते, झोपवली तरी लवकर मान वर करते. सोसायटीच्या बागेत परवानगी घेऊन खराट्याने एक पट्टा पुढे, एक पट्टा मागे असा झाडून बघा. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात नक्षी दिसते का, ते पाहा.

बागही नसेल तर गव्हाची हिरवळ करा. मूठभर गहू रात्रभर भिजवा. तळाला भोकं असलेल्या पसरट ट्रेमध्ये बोटाच्या दोन पेरांएवढी माती घालून त्यावर गहू दाट पसरा, वरून मातीचा पातळ थर द्या. रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत हिरवं रान तयार! आता बोथट टोकाच्या कात्रीने मधली काही पाती अर्ध्यावर कापा आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढा.

आणखी एक गंमत. नवरात्रात घटात पेरलेलं धान पिवळसर का दिसतं, ठाऊक आहे? देवघरातल्या कमी उजेडात त्याला हिरवा रंग पुरेसा तयार करता येत नाही. ही युक्ती वापरून हेदर ॲक्रॉइड आणि डॅन हार्वे हे दोन ब्रिटिश कलाकार चक्क गवतावर फोटो उमटवतात! १९९० साली इटलीत त्यांनी भिंतीवर गवत वाढवलं होतं. तिथे टेकवून ठेवलेल्या शिडीमागचं गवत फिकं राहिलं आणि शिडीचा आकार भिंतीवर उमटला. त्यातून त्यांना कल्पना सुचली. अंधाऱ्या खोलीत उगवत्या गवतावर ते फोटोच्या निगेटिव्हमधून उजेड सोडतात. जिथे जास्त उजेड तिथे हिरवं, जिथे कमी तिथे पिवळं. माणसाचा चेहरा गवतात हसतो!

तुम्ही पुठ्ठ्याची चांदणी कापून उगवत्या गव्हाच्या ट्रेवर चार-पाच दिवस ठेवा. प्लॅस्टिक नको, उन्हात गवत भाजेल. मग उचला आणि बघा. पिवळी चांदणी दिसली की ट्रे उजेडात ठेवा आणि ती किती दिवसांत पुन्हा हिरवी होते, ते वहीत लिहा.

आई-बाबांसाठी दोन शब्द : गवत कापायचं यंत्र मुलांच्या हाती देऊ नका, त्याची पाती फार वाईट कापतात. पाण्याची टंचाई असेल तर हिरवळीचा हट्ट नको. ट्रेला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही पुरतं. आणि "हा काय मातीचा पसारा!" असं म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की प्रकाशाचं परावर्तन आणि प्रकाशसंश्लेषण हे दोन धडे त्या एका ट्रेमध्ये आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ : पट्टे केलेली मखमल, टॉवेल किंवा हिरवळ घ्या. तिच्या चारही बाजूंना उभं राहा. कोणता पट्टा कुठून गडद, कुठून फिका, ते पोस्टकार्डावर चित्र काढून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. हे काम दोघांनी मिळून करा, समोरासमोर उभं राहून. आणि उत्तरं जुळली नाहीत, तर भांडू नका. आधी जागा बदलून बघा!

तुमच्या,
बाई