कुत्रं खोटं बोलत नाही म्हणे!

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हे वाचणारे निम्मे लोक त्याला ओळखतातच.) त्याने मॅडेलिन मॅककॅनवरची नेटफ्लिक्सची २०१९ ची मालिका एका दमात बघून संपवली होती आणि निकालही लावून टाकला होता. "आईबापांनीच केलंय रे. कुत्र्यांनी दाखवलंय ना! माणूस खोटं बोलेल, कुत्रं कशाला बोलेल?"

मी म्हटलं, "दादा, निदान तू तरी हे म्हणू नकोस." तो क्षणभर गप्प झाला आणि मग पानं घेतलीत म्हणून फोन ठेवला. का ठेवला ते पुढे येईलच. पण मला जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं, म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मे २००७ ची रात्र. पोर्तुगालमधलं प्राया दा लूझ हे समुद्राकाठचं गाव. सुट्टीवर आलेलं एक इंग्रज डॉक्टर जोडपं तीन मुलांना भाड्याच्या घरात झोपवून तिथल्याच आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर जेवत होतं. रात्री दहाच्या सुमारास आई बघायला गेली, तर मोठी मुलगी अंथरुणात नाही. चार वर्षांची व्हायला नऊ दिवस कमी होते. ती अजून सापडलेली नाही. (मुलांना एकटं सोडून जेवायला जाणं बरोबर की चूक यावर आमच्या घरात वेगळं महाभारत झालेलं आहे. ते इथे नको.)

जुलै संपता संपता, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी, इंग्लंडहून दोन स्प्रिंगर स्पॅनियल कुत्री आणली गेली. एडी प्रेताचा वास शोधणारा, कीला माणसाचं रक्त शोधणारी. एडी त्या घरात सोफ्यामागे भुंकला, आईबापांच्या खोलीत कपाटापाशी भुंकला. सोफ्यामागे कीलाही नाक लावून थांबली. पुढे एका भाड्याच्या गाडीपाशीही दोघांनी इशारा दिला. ही गाडी मुलगी नाहीशी झाल्यावर तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी घेतलेली होती. सप्टेंबर २००७ मध्ये आईबाप अधिकृत संशयित झाले. जुलै २००८ मध्ये फाइल बंद करताना तो शिक्का पुसला गेला, कारण पुरावाच नव्हता. २०२० मध्ये तर जर्मन पोलिसांनी भलत्याच एका माणसाला संशयित म्हणून जाहीर केलं. पण दादासारख्या लाखो लोकांच्या मनात अजून एडी भुंकतोच आहे.

आता कुत्री जिथे थांबली तिथले नमुने बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत गेले, त्याचं काय झालं ते बघा. गाडीतल्या नमुन्यात डीएनएचे ३७ घटक सापडले, निदान तीन माणसांचे मिसळलेले. त्यात मुलीच्या १९ घटकांपैकी १५ होते. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण एवढ्या सरमिसळीत कोणाचेही बरेचसे घटक सापडू शकतात, आणि त्यात आईबाप आणि भावंडांचे घटक मुलीसारखे असणारच. शास्त्रज्ञाने स्पष्ट लिहून कळवलं की नमुना इतका गुंतागुंतीचा आहे की त्यातून अर्थ काढता येणार नाही. पेपरांनी मात्र "डीएनए जुळला" असं छापून टाकलं.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कुत्र्यांच्या हँडलरनेच आपल्या अहवालात लिहिलं होतं की दुसऱ्या पुराव्याने दुजोरा मिळाल्याशिवाय या इशाऱ्यांवर विसंबता येत नाही. एडी जिवंत माणसाच्या सुकलेल्या रक्तालाही भुंकतो, हेही त्या प्रकरणात लपलेलं नव्हतं. म्हणजे ज्याने कुत्रा वाढवला, शिकवला, तो हात राखून बोलतोय आणि सोफ्यावर बसून मालिका बघणाऱ्यांना खात्री आहे!

त्या गाडीच्या तपासणीची चित्रफीत आहे. ती दादानेही पाहिली. ओळीने गाड्या उभ्या आहेत, एडी पुढे निघून जातो, आणि हँडलर त्याला पुन्हा पुन्हा त्याच एका गाडीकडे बोलावतो. मग एडी भुंकतो. हँडलर मुद्दाम करतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुद्दा हा की त्याला स्वतःलाही कळत नसेल.

इथे हान्स घोड्याची गोष्ट सांगायलाच हवी. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हा घोडा बेरीज-वजाबाकी करायचा, उत्तराइतक्या टापा आपटायचा. मोठमोठे लोक थक्क. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने शोधलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्याला गणित येत नाही. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाच्या अंगात नकळत बारीकशी हालचाल व्हायची आणि घोडा ती हेरून थांबायचा. मालक लबाड नव्हता. घोडाही नव्हता. आणि कुत्रा तर हजारो वर्षं आपल्या तोंडाकडे बघत जगलेला प्राणी आहे. त्याला मालकाच्या मनातलं कळत नाही असं म्हणणाऱ्याने कधी कुत्रा पाळलेला नाही.

पटत नसेल तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला प्रयोग घ्या. अंमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणारे १८ कुत्रे आणि त्यांचे हँडलर एका चर्चच्या इमारतीत आणले. हँडलरांना सांगितलं की खोल्यांमध्ये माल लपवलेला असू शकतो, आणि काही ठिकाणी खुणेला लाल कागद लावलाय. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. त्यातल्या फक्त २१ फेऱ्यांमध्ये एकही इशारा आला नाही. बाकी सगळीकडे मिळून २२५ इशारे, सगळे खोटे! आणि जिथे लाल कागद होता तिथे जास्त. लाल कागद कुत्र्यासाठी नव्हता, माणसासाठी होता.

आता दादाच्या बाजूने बोलतो, नाहीतर तो म्हणेल मी सोयीचं तेवढंच सांगतो. हॅम्बुर्गमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच मेलेल्या माणसाखाली गालिच्याचे तुकडे ठेवले होते, तेही मध्ये चादर गुंडाळलेली. दहा मिनिटं ठेवलेले तुकडे पोलिसी कुत्र्यांनी ९८ टक्के अचूक ओळखले, दोन मिनिटं ठेवलेले ८६ टक्के. हे थक्क करणारंच आहे. मी कुत्र्याच्या नाकावर शंका घेत नाहीये.

पण साधा हिशोब करा. समजा एखादा कुत्रा ९५ टक्के अचूक आहे. आणि समजा तपासायच्या १०० घरांपैकी एकाच घरात खरोखर प्रेत होतं. तो त्या एका घरात बहुतेक भुंकेल. पण उरलेल्या ९९ पैकी पाचेक घरांतही उगीच भुंकेल. म्हणजे सहा भुंकण्यांत एक खरं. आता तुमच्या दारात भुंकला तर तुम्ही त्या सहांतले कितवे? आणि हा हिशोब प्रयोगशाळेतल्या स्वच्छ तुकड्यांचा. ज्या घरात तीन महिन्यांत किती माणसं येऊन गेली याचा पत्ता नाही, तिथलं काय?

दादाकडे अजून एक हुकमाचं पान आहे आणि ते खरं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९७६ साली एक बाई नाहीशी झाली. कित्येक वर्षांनी प्रेत शोधणारी कुत्री नेली, त्यांनी इशारे दिले. २००७ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा भरवशाचा नाही म्हणून नाकारला. मॅककॅनच्या वकिलांनाही तेव्हा हा निकाल आधार वाटला होता. आणि २००८ मध्ये नवऱ्याने कबुली दिली! कुत्री बरोबर होती.

हो, होती. पण ती बरोबर होती हे आपल्याला कशावरून कळलं? नवऱ्याच्या कबुलीवरून. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ड्यूसबरी गावची नऊ वर्षांची एक मुलगी हरवली होती, तिच्या घरी प्रेत शोधणाऱ्या कुत्र्यांनी इशारे दिले. मुलगी २४ दिवसांनी जिवंत सापडली. घरातलं सामान जुन्या बाजारातलं, मेलेल्या लोकांच्या घरांतून आलेलं, असा त्याचा उलगडा झाला. त्याच वर्षी जर्सी बेटावरच्या जुन्या बालगृहात आपला हाच एडी भुंकला, खाली एक तुकडा सापडला, मुलाच्या कवटीचा म्हणून जगभर बातमी झाली. पुढे तज्ज्ञ म्हणाले, लाकूड किंवा नारळाची करवंटी असावी. (त्या बालगृहात मुलांचा छळ झाला होता हे खरंच होतं. पण करवंटीच्या गोंधळात लोकांनी त्या जिवंत साक्षीदारांवरही अविश्वास दाखवला, हे मला जास्त लागतं.) भुंकणं तिन्ही ठिकाणी सारखंच. भुंकण्यावरून खरं कुठलं आणि करवंटी कुठली हे सांगता आलं असतं का?

म्हणून मला मुंबईचा झंजीर आठवतो. १९९३ च्या स्फोटांनंतर त्या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण झंजीर बसला की बॅग उघडायची. आत आरडीएक्स असलं तर आहे, नसलं तर नाही. "इथे पूर्वी कधीतरी काहीतरी होतं" हे सांगणाऱ्या कुत्र्याची बॅग कोण उघडणार?

आपल्याकडच्या न्यायालयांना हे कधीच कळलेलं आहे. महाराष्ट्रातल्याच एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात १९६९ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फारसं वजन देता येत नाही. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने माणूस बोलतो. २००८ मध्ये आसामच्या एका खटल्यात पुन्हा तेच: तपासाला कुत्रा जरूर घ्या, गुन्हा शाबीत करायला नको. पण गावात सुप्रीम कोर्ट कोण वाचतं? गावात निकाल त्याच संध्याकाळी लागतो.

आता फोन का ठेवला ते. नातेवाइकांनो, हे तुम्हाला माहीत आहे आणि आपण कोणी बोलत नाही.

१९९३ च्या माघात आजोबा हरवले. विसरायला लागले होतेच. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी लक्षात आलं की ओसरीवर काठी नाही आणि आजोबाही नाहीत. विहिरी पाहिल्या, ओढा पाहिला. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून कुत्रा आला. त्याला आजोबांची बंडी हुंगवली. सगळं गाव मागे. कुत्रा परसातून निघाला, गोठ्याला वळसा घालून सालगड्याच्या खोपीत शिरला आणि तिथेच घुटमळत राहिला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आदल्या आठवड्यात मामांचं आणि काकांचं उचलीवरून वाजलं होतं. ते काकांनी त्याच वेळी फौजदारांना सांगितलं. दादा तेव्हा सोळा वर्षांचा, माझ्या शेजारीच उभा होता. "कुत्र्यानं दाखवलं" हे शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकले.

मामांना दोन रात्री चौकीत ठेवलं. परत आले तेव्हा नीट बसता येत नव्हतं.

सातव्या दिवशी आजोबा पंढरपूरला एका धर्मशाळेत सापडले. माघ वारीला म्हणून एसटीत बसले होते. परतल्यावर दोन दिवसांनी आजी मामींशी बोलताना कळलं, की आजोबा रोज दुपारी खोपीत जाऊन गोड चहा प्यायचे. मधुमेहामुळे घरात साखर बंद होती. कुत्र्याने अगदी बरोबर दाखवलं होतं. आजोबा तिथे जात होते, हे. बाकीचं आपण ऐकलं.

मामा पाडव्याची वाट न बघता बायकामुलांना घेऊन निघून गेले. साल संपायला दोन महिने राहिले होते. उचल वजा जाता जे निघत होतं ते काकांनी दिलं नाही आणि मामांनी मागितलं नाही. काका आता नाहीत. आजीच्या वहीत आकडा लिहिलेला आहे, ती वही माझ्याकडे आहे.

मामांचा धाकटा मुलगा बार्शीकडे कुठेतरी असतो असं आत्याच्या कानावर आलं होतं. कोणाला नक्की ठावठिकाणा माहीत असेल तर मला कळवा. दादा, तुलाही सांगतोय.