जुनी मोटार घेताय? आधी आर. सी. बुक पाहा

घरात मोटार घ्यायचे ठरले की पहिले आठ दिवस चर्चा होते ती रंगाची. मुलांना लाल हवी असते, आजींना मागच्या सीटवर गुडघ्यांना त्रास न होता चढता-उतरता यायला हवे असते आणि मेव्हण्यांच्या ओळखीचा कुणीतरी ‘एकदम कंडिशनमधली’ गाडी विकणारा असतोच. रविवारी सगळे मिळून गाडी पाहायला जातात. गाडी धुऊनपुसून लखलखीत उभी असते, विकणारा आग्रहाने चहा पाजतो, एक चक्कर होते आणि टोकन देऊन मंडळी पेढे घेऊनच घरी परततात. आर. सी. बुक कुणी उघडलेलेच नसते. ‘कागद सगळे क्लिअर आहेत,’ एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षांची बचत हातची जाते.

सेकंडहँड गाडीत फसगत होण्याच्या जागा दोन. एक बॉनेटखाली आणि दुसरी कागदांत. पहिली पैसे घालून निस्तरता येते. दुसरी कधी कधी थेट कोर्टाच्या पायरीपर्यंत नेते, आणि गंमत म्हणजे तिथे नेहमी घेणाराच जातो असे नाही.

आधी किमतीचे पाहू. विकणाऱ्याने गाडी कितीला घेतली होती, या माहितीचा फारसा उपयोग नाही. तेच मॉडेल आज शोरूममध्ये कितीला पडते ते विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. त्याआधीचे बिल दाखवून कुणी भाव सांगत असेल तर तो मान्य करण्याचे कारण नाही. शिवाय हातात तीन लाख असतील तर गाडी अडीच-पावणेतीन लाखांचीच पाहावी. विमा, नाव बदलण्याची फी, बॅटरी, एखाददुसरा टायर असा खर्च पहिल्या महिन्यातच दारात उभा राहतो.

गाडी पाहायला सकाळी, चांगल्या उजेडात जावे. संध्याकाळच्या दिव्यात रंगातला फरक कळत नाही. इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे फोनवरच सांगावे आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून ते गार आहे ना पाहावे. गरम इंजिन कुठलेही सुरू होते, दुखणे असेल तर ते गारठलेल्या इंजिनातच दिसते. धुराकडे लक्ष ठेवावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर नमस्कार करून निघावे. सोबत आपला मेकॅनिक न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक विकणाऱ्याचाच असतो.

किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, तो मागे फिरवणारे हात गल्लोगल्ली आहेत. मीटर तीस हजार सांगतो आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगवर घासून चकाकी आलेली, तर खरे कोण बोलते आहे ते उघड आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक खेपेला तारीख आणि किलोमीटर यांची नोंद होते, ती मागून घ्यावी. टायरवर चार आकडी खूण असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी एवढा जुना टायर बदलण्याचा खर्च हिशेबात धरायलाच हवा.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, नवे सीट कव्हर चढवून दूरच्या गावी विकायला काढता येतात. म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून गेलेली असते. सीटखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, हेही पाहावे. आणि गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे बसावे. कुबट वास फार वेळ दबून राहत नाही.

आता कागद. चासिस आणि इंजिनवर कोरलेले नंबर आर. सी. बुकाशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावेत. बुकावर बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘कर्ज फिटलेय हो, नोंद काढायची राहिली’ हे खरे असले तरी ती नोंद काढून घेणे विकणाऱ्याचे काम. सीएनजी किट असेल तर त्याची बुकात नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. गाडीवरचे थकलेले चलन परिवहन खात्याच्या पोर्टलवर घरबसल्या पाहता येते.

सर्वांत घातक चाल म्हणजे सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०. विकणारा सह्या करून मोकळा होतो, मधला दलाल फॉर्म खिशात ठेवतो आणि गाडी हातोहात फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिलेले एक प्रकरण या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. मूळ मालकाने गाडी विकली होती २००७ साली. ती एकामागून एक आणखी हातांत गेली. मे २००९ मध्ये तिने दोघांना धडक दिली आणि त्यातला एक जण दगावला. आर.टी.ओ.च्या दप्तरी तेव्हाही नाव पहिल्याच मालकाचे होते. उच्च न्यायालयाने शेवटच्या ताबेदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले: नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईही त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी अशी परत दारात आली.

म्हणून विकणाऱ्याने गाडी त्याच राज्यात दिली असेल तर चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात दिली असेल तर पंचेचाळीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. व्यापाऱ्याला गाडी देताना तो अधिकृत नोंदणी झालेला आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा व्यापाऱ्याला गाडी सोपवल्याची पोर्टलवर रीतसर नोंद होते आणि मधल्या काळातली जबाबदारी त्याच्याकडे जाते.

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांना दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह पडतो. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१४-१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली आणि पुढेही आदेश बदलत राहिले. त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या इतर राज्यांत उतरतात. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर ना हरकत प्रमाणपत्र आणून नवी नोंदणी करावी लागते, इथला रस्ता कर भरावा लागतो. तो हिशेब मांडला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

विम्याचे बहुतेक जण विसरतात. नाव बदलल्याचे चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो, तेव्हा हप्ता वाढणार हे धरून चालावे.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत आणि काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवावी. तसे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात, ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही घालावी. दुसरी चावी त्याच दिवशी मागून घ्यावी. काचेवरचा फास्टॅग विकणाऱ्याने बंद करावा आणि घेणाऱ्याने आपला नवा लावावा, नाहीतर सासवडच्या लग्नाला जाताना टोल कापला जायचा भलत्याच्याच खात्यातून.