खेळता खेळता : तीन रस्ते, एकच वाडा

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आलंय वारंगा फाट्याहून. हिंगोली जिल्ह्यातला तोच तो फाटा, जिथली खिचडी खाल्ल्याशिवाय प्रवासी मंडळींना पुढचा रस्ता दिसत नाही! पत्र लिहिणारा आठवीत आहे. मामेभाऊ सूत्रधार आणि हे चौघे पात्रं, असा त्यांचा गोष्टीचा खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीपासून रंगला होता. आता तो बंद पडलाय आणि चौघांतले दोघे दादाशी बोलत नाहीत.

घडलं ते असं. गोष्टीत रात्रीची एस.टी. फाट्यावर बंद पडली. दादाने विचारलं, "नांदेडचा रस्ता धरणार, कळमनुरीचा की हदगावचा?" चौघांनी अर्धा तास भांडून हदगावचा धरला आणि थेट भुताच्या वाड्यात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी दादाची वही याच्या हाती लागली. (कशी लागली ते आपण विचारायचं नाही!) वहीत तिन्ही रस्त्यांपुढे एकच शब्द लिहिलेला – वाडा. "मग आम्हाला विचारलंच कशाला?" असा याचा सवाल आहे. दादा म्हणतो, "सूत्रधार मी, गोष्ट माझी."

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने तो बाजारात आणला. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. त्यावर पुढे काय झालं ते सूत्रधार सांगतो. जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा.

पण दादाची आणि तुमची ही ओढाताण आपल्या मातीत त्याहून कितीतरी जुनी आहे बरं का! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या नाटकांत पदं तेवढी बांधलेली असत आणि ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नसत. पद संपलं की प्रसंगाला धरून ज्याने त्याने आपल्या मनाने बोलायचं. म्हणजे गोष्ट कुठे जाणार ते सूत्रधाराच्या हाती आणि राक्षस आरडाओरडा किती करणार ते राक्षसाच्या!

आता एखादं पात्र ऐकेनासंच झालं तर? रामलीलेचा एक विनोद तुम्ही ऐकला असेल. रावणाचं काम करणारा मालकावर रुसलेला असतो. स्वयंवरात तो सरळ धनुष्य उचलतो आणि मोडून टाकतो. आता सीता कोणाची? जनक क्षणभर गडबडतो, मग ओरडतो, "अरे सेवकांनो, हे पोरांच्या खेळण्यातलं धनुष्य कोणी आणलं? खरं शिवधनुष्य आणा!" वा रे पठ्ठ्या! "रावणाने धनुष्य मोडलंच नाही" असं तो म्हणाला नाही. मोडलेलं मोडलं, आणि त्याच्या पुढे त्याने वाट काढली. दादाला शिकण्यासारखं आहे ते हे.

मग दादा चुकला का? माझ्या मते निम्मा. तीन रस्त्यांवर तीन वाडे बांधायचे तर बिचाऱ्याने अभ्यास कधी करायचा? तुम्हाला रस्त्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसा तुम्ही हदगावचा रस्ता उचललात. तिथे वाडा आला तर तुमचं काही हिरावलं गेलं नाही. पण समजा, तुम्ही खिचडीवाल्या काकांना विचारलं असतं, "काका, भुताचा वाडा कुठल्या अंगाला हो?" ते म्हणाले असते, "हदगावच्या." म्हणून तुम्ही मुद्दाम कळमनुरीचा रस्ता धरला असता आणि तरीही वाडा उड्या मारत तिकडे आला असता, तर ती शुद्ध लबाडी! तेव्हा पुढच्या वेळी दादाने फाट्यावर काहीतरी खूण ठेवावी. एका रस्त्याने येणारे बैल बिथरलेले, दुसऱ्यावर दूर कंदील हलतोय, असं. आणि तुम्हीही अर्धा तास नुसतं भांडण्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारा.

हद्दीचंही ठरवून टाका. पाऊस, अंधार, भूत, कंडक्टरचा स्वभाव हे सगळं दादाचं. तुमचं पात्र काय करतं आणि त्याला काय वाटतं, ते तुमचं. "तू घाबरून पळालास" असं दादाने म्हणायचं नाही. "मागून पैंजण वाजले" एवढंच म्हणायचं, पळायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्हीही "मला पंख फुटले, मी उडालो" म्हणायचं नाही. आणि एकाने दुसऱ्याच्या पात्राचं काही परस्पर ठरवायचं नाही, यावरूनच निम्मी भांडणं होतात.

फाशाची एक गोष्ट राहिली. किती पडले की जमलं, तो आकडा फासा टाकण्याआधी मोठ्याने सांगायचा. उदाहरणार्थ, वाड्याच्या भिंतीवर चढायला चार किंवा जास्त. नंतर सांगितला की वाद झालाच म्हणून समजा. फासा सगळ्यांसमोर टाकायचा, ताटलीआड नाही. लुडोचा फासा चालेल. तोही हरवला असेल, तर एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या करून टोपीत टाका.